लहान मुलं आणि पियानोवरच्या कॉर्ड्स: पालकांचे नेहमीचे प्रश्न

कोथरूडच्या आमच्या क्लासला पाच ते दहा वर्षांची मुलं येतात. काहींच्या घरी खरा पियानो आहे, बहुतेकांकडे कीबोर्ड, आणि काहीजण आजोबांची पेटी वाजवून आलेले असतात. खालचे प्रश्न बहुधा तास संपल्यावर, मूल सँडल घालत असताना दारात विचारले जातात आणि तेवढ्यात पुढची बॅच आत शिरलेली असते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. नव्याने शिकवायला लागलेल्या ताई-दादांनीही वाचायला हरकत नाही.

बोटांचे क्रमांक आधी सांगते, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं बोट तीन, अनामिका चार, करंगळी पाच. दोन्ही हातांना हेच. आणि सी म्हणजे आपली पांढरी एक, तिथून उजवीकडे पांढऱ्या पट्ट्या क्रमाने डी, ई, एफ, जी, ए, बी.

कॉर्ड म्हणजे काय, हे मुलाला कसं सांगायचं?

तीन सूर एकाच वेळी वाजले की झाली कॉर्ड, सुरुवातीला एवढं पुरे. सी, ई आणि जी एकत्र वाजवले की सी मेजर. सीला सा धरलं तर हे सा, ग, प. घरात थोडंफार गाणं असेल तर मुलाला हे चटकन कळतं. तानपुऱ्यावर सा आणि प त्याने ऐकलेले असतात, सवाईला गेलेल्या आजीच्या मांडीवर बसून का होईना. त्यात मधे ग घातला की कॉर्ड. तोच ग कोमल केला की सी मायनर. फक्त मधलं बोट शेजारच्या काळीवर सरकतं, बाकी दोन जागचे हलत नाहीत. हे मुलाला डोळ्यांनी दिसतं, ते फार कामाचं आहे.

"मेजर आनंदी आणि मायनर उदास" हे मात्र मी शिकवत नाही. पुष्कळ पुस्तकांत हसरा आणि रडका चेहरा काढून दिलेला असतो. आपल्याकडे काफीत कोमल गंधार आहे आणि त्याच काफीत होळीच्या रंगांची गाणी आहेत. मुलाला दोन्ही कॉर्ड्स ऐकवाव्यात आणि काय वाटतं ते त्यालाच विचारावं. उत्तरं भारी येतात.

कितव्या वर्षी सुरू करावं?

मी वय विचारते, पण बघते हात. पियानोची एक पांढरी पट्टी साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असते. साधी कॉर्ड पाच पट्ट्यांत मावते, म्हणजे १२ सेंटिमीटरच्या आतच. आठ पट्ट्यांचं पूर्ण सप्तक मात्र जवळपास १९ सेंटिमीटर होतं, त्याच्या वाटेला या वयात जाऊच नये.

घरी बघायचं असेल तर असं करा. मुलाला हात मांडीवर सैल सोडायला सांगा. तसाच तो उचलून पट्ट्यांवर ठेवा. अंगठा सीवर असताना करंगळी आपसूक जीवर आली, तळहात फाकला नाही, तर तीन सुरांची कॉर्ड सुरू करायला हरकत नाही. बोटं ताणावी लागत असतील तर दोन सुरांवर थांबायचं. त्यातही भरपूर संगीत आहे. खाली सांगितलं आहे.

बोटांत ताकद नाही म्हणून कॉर्ड नीट वाजत नाही का? हाताने दाबायचा बॉल आणून देऊ?

बॉल नको. ताकदीचा प्रश्न नाहीच, आणि हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गोम इथे आहे.

पियानोची एक पट्टी हळूच खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. तीन पट्ट्यांना १५० ग्रॅम. माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के भरतो. म्हणजे २० किलोच्या मुलाचा हात एक किलोच्या आसपास झाला. कॉर्डला लागतं त्याच्या कितीतरी पट वजन त्याच्या खांद्याला आधीच लटकलेलं आहे! मूल ते वजन खांद्यात अडवून धरतं आणि चिमुकल्या बोटांनी पट्ट्या ढकलायला बघतं. मग खांदा कानाला लागतो, जीभ बाहेर येते, आणि तीनातला एक सूर वाजतच नाही.

दुसरी गोष्ट पियानोच्या पोटातली. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो घडवला, त्यातली खरी करामत ही की हातोडी तारेला लागण्याच्या जरासं आधी पट्टीपासून सुटते. उरलेलं अंतर ती स्वतःच्या वेगाने जाते, तारेवर आपटते आणि मागे येते. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते आणि आवाज केवढा येणार हे त्या तेवढ्या प्रवासात ठरून जातं. तळाला पोचल्यावर कितीही रेटा, आवाजात काडीचा फरक पडत नाही. पट्टी धरून ठेवल्याने फक्त तारेवरची नमद्याची (फेल्टची) गादी वर राहते आणि सूर चालू राहतो. त्याला बोट नुसतं टेकलेलं पुरतं.

मुलं जोर लावतात तो नेमका आवाज येऊन गेल्यावर. म्हणून आमच्याकडे "जोरात दाब" हे शब्द चालत नाहीत. "पोचलास ना? आता सोड" हे दिवसभर चालतं. सोडायचं म्हणजे हात उचलायचा नाही. सूर चालू ठेवायचा आणि जोर काढून घ्यायचा. आठवड्याभरात येत नाही हे. पण एकदा आलं की पुढच्या दहा तक्रारी उद्भवतच नाहीत.

हात सैल आहे की आखडलाय, हे मला, पियानो न येणाऱ्याला, कसं कळणार?

मुलाला कॉर्ड वाजवून धरून ठेवायला सांगा. तुमची दोन बोटं त्याच्या मनगटाखाली घाला आणि हलकेच वर-खाली करा. मनगट सहज हललं आणि सूर तुटला नाही, तर उत्तम. लाकडासारखं लागलं, तर मूल अजून दाबतंय. काही बोलू नका, नुसतं बोटांवर ते मनगट तोलून धरा. बहुतेक मुलं आपणहून सोडतात.

एक सात वर्षांची मुलगी आहे, तिला हे इतकं आवडलं की आता प्रत्येक कॉर्डनंतर ती स्वतःच डाव्या हाताने उजवं मनगट हलवून बघते. वाजवण्यापेक्षा तपासणीलाच जास्त वेळ जातो. चालतंय.

कॉर्ड दाबताना तिची बोटं शेवटच्या पेरात आत मोडतात. काय करावं?

लहान मुलांचे सांधे सैल असतात, त्यामुळे हे होणारच. "बोट गोल कर, बोट गोल कर" असा घोशा लावू नका. मूल बोट गोल ठेवतं आणि त्यासाठी अख्खा हात आवळतं. "हातात चेंडू धर" या सल्ल्याचंही तेच. चेंडू धरायचा म्हटला की मूल तो खरंच धरतं, पकडीने.

मी अंगठ्याचं आणि एकेका बोटाचं टोक जुळवून गोल खिडकी करायला लावते. शेवटचं पेर मोडलं की खिडकी चपटी होते, मुलाला स्वतःला दिसतं. गाडीत, शाळेच्या बसमध्ये, कुठेही करता येतं. मग पियानोवर एकच सूर, हळू. मग दोन. तीन सुरांत पेर मोडत असेल आणि दोनांत नसेल, तर आत्ता दोनच वाजवायचे. यात मागे जाण्यासारखं काही नाही.

अंगठ्याकडे मात्र लक्ष ठेवा. तो आडवा झोपून पूर्ण लांबीने पट्टीवर पडतो आणि मनगट खाली खेचतो. अंगठा नखाच्या बाजूच्या कडेवर, टोकाशी वाजला पाहिजे.

बसायचं कसं? आमचा कीबोर्ड डायनिंग टेबलवर आहे.

तिथून काढा. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटरवर असतात. डायनिंग टेबलच ७५ चं असतं, त्यावर कीबोर्डची जाडी, म्हणजे मुलाचे खांदे वर जाणारच. मग मी क्लासमध्ये कितीही "खांदे खाली" म्हटलं तरी घरी रोज उलटाच सराव होतो. दिवाणावर कीबोर्ड ठेवून मांडी घालून वाजवणंही नको, कोपर अधांतरी राहतं.

घडीचा स्टँड घ्या, त्याची उंची कमी-जास्त होते. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर असावं. खुर्ची बुटकी पडली तर वर उशी नको, ती दबते. घट्ट फोम किंवा घडी केलेली सतरंजी घाला. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसायचं.

आणि पायाखाली पाट. लोंबकळणारे पाय हे कॉर्ड न वाजण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. पायाला टेका नसला की मूल तोल सांभाळायला पोट आणि पाठ आखडतं, ते आखडणं खांद्यातून मनगटात उतरतं. घरात जेवायचा पाट असतोच, नसला तर तुळशीबागेत मिळेल. एक कमी पडला तर दोन ठेवा, पण ते घसरणार नाहीत असं बघा.

तुम्ही कॉर्ड नेमक्या कोणत्या क्रमाने शिकवता?

आधी कान. मी कॉर्ड वाजवते, मूल त्यातला सा गातं. मग प. मधला ग शोधून गाणं अवघड असतं, पण जमलं की मूल असं बघतं की बस्स.

मग हात. पहिल्यांदा फक्त बाहेरचे दोन सूर, सी आणि जी, डाव्या हाताची करंगळी आणि अंगठा. याला तीन आज्ञा आहेत: बसव, दाब, सोड. "बसव" म्हणजे आवाज न करता बोटं आपापल्या पट्टीवर टेकवायची. इथे घाई अजिबात नाही, हवं तर खाली वाकून बघ. "दाब" म्हणजे मनगट किंचित खाली जाऊ देत हाताचं वजन सोडायचं. "सोड" मघाशी सांगितलंच. शेवटी हात उचलताना मनगट आधी वर येतं, बोटं मागाहून.

मुलांची नैसर्गिक पद्धत याच्या उलट असते. वरून झेप घ्यायची आणि हवेत असतानाच पट्ट्या शोधायच्या. त्यात एखादं बोट शेजारच्या पट्टीत अडकतं, मूल दचकतं आणि पुढच्या वेळी आणखी आखडून येतं. आवाज येण्याआधी हात जागेवर पोचलेला असणं हीच कॉर्डमधली निम्मी लढाई. म्हणून सुरुवातीला मी तालात वाजवायलाच लावत नाही. हात बसला की मगच मी "हं" म्हणते.

दोन सूर सहज यायला लागले की मधला ई, तिसऱ्या बोटाने. तोही आधी सुटा: सी, ई, जी, एकेक करून, प्रत्येक सूर धरून ठेवत. तिन्ही खाली गेले की कॉर्ड आपोआप हातात तयार झालेली असते, वाजवायची राहिलेलीच नसते! मग उचलायचं, पुन्हा बसवायचं आणि एकदम.

एखादा सूर मुका राहिला तर तो कुठला, हे मी सांगत नाही. "कोण आलं नाही?" असं विचारते. हजेरी घ्यायला मुलांना फार आवडतं.

न वाजवणारी बोटं वर ताठ उभी राहतात.

तर्जनी आणि अनामिका ना? ती पट्ट्यांवर नुसती टेकून बसू द्या, वर उचलायची नाहीत. अनामिका स्वतंत्र उचलली जात नाही म्हणून काही पालक काळजी करतात आणि तिला वेगळा व्यायाम देतात. हाताच्या पाठीवरचे तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांच्या बंधांना जोडलेले असतात, त्यामुळे ती कुणाचीच फारशी सुटी उचलली जात नाही. बोटांच्या व्यायामाची उपकरणं तर लांबच ठेवा. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानने असलं यंत्र वापरलं होतं आणि उजव्या हाताचं बोट निकामी झाल्याने त्याला पियानोवादक होण्याचं स्वप्न सोडावं लागलं. दोन्हींचा संबंध किती, यावर अभ्यासकांत वाद आहेत. मला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही.

सी वाजते, पण सीवरून एफ आणि जीवर जाताना अडखळतो.

कारण तो प्रत्येक कॉर्डसाठी अख्खा हात उचलून नव्या जागी नेतोय. तशी गरज नाही. डाव्या हाताने सी, ई, जी धरलेली आहे. आता एफची कॉर्ड सी, एफ, ए अशी वाजवा: करंगळी सीवरच राहते, तर्जनी एफवर येते, अंगठा एक पट्टी उजवीकडे सरकतो. मग सीवर परत. आता जीऐवजी जी-सेव्हन, म्हणजे जीच्याच कॉर्डमध्ये एफ मिसळलेली, तिचं हलकं रूप बी, एफ, जी: अंगठा जीवरच राहतो, तर्जनी एफवर, करंगळी एक पट्टी डावीकडे बीवर.

गंमत बघा, दोन्हींत तर्जनी एफवरच आहे आणि सी वाजवताना ती एफवरच टेकलेली असते. म्हणजे मुलाला लक्षात ठेवायचं ते एवढंच की कोण हललं आणि कोण घरी राहिलं. मी मुलांना बदल तोंडाने म्हणायला लावते, "करंगळी घरी, अंगठा बाहेर", "अंगठा घरी, करंगळी बाहेर". तोंडात बसलं की हातात बसतं.

उजव्या हाताला हेच, फक्त बोटं निराळी. सी, एफ, एला एक-तीन-पाच, आणि बी, एफ, जीला एक-चार-पाच.

हात अगदीच छोटा असेल तर करंगळीला रजा द्या. सीसाठी ई-जी, एफसाठी एफ-ए, जी-सेव्हनसाठी एफ-जी. चार पट्ट्यांच्या आत सगळा खेळ. ऐकायला पुरेसं भरलेलं वाटतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला दोन हातांनी गाणं वाजवल्याचा आनंद मिळतो.

काळ्या पट्ट्यांच्या कॉर्ड्स अवघड म्हणून नंतर घ्यायच्या का?

काही उलट सोप्या असतात. मधलं बोट सगळ्यात लांब, करंगळी आणि अंगठा आखूड. पांढऱ्या पट्ट्यांवर सगळ्यांना एका ओळीत यायचं तर लांब बोटांना दुमडावं लागतं. डी, ई आणि ए या मेजर कॉर्ड्समध्ये मधला सूर काळा आहे आणि काळी पट्टी उंच आणि आत असते, त्यामुळे मधलं बोट जिथे असतं तिथेच तिला भेटतं. पियानोवादक आणि संगीतकार शोपँ आपल्या शिष्यांचा हात पहिल्यांदा ई, मग तीन काळ्या, मग बी असा बसवून घ्यायचा, तो याच कारणासाठी.

फक्त हात थोडा आत, झाकणाच्या दिशेने सरकवायला शिकवा. मुलं पट्ट्यांच्या काठावरच राहतात आणि काळीला गाठायला बोट लांब करतात. अख्खा हात आत गेला की काम झालं. मी सी, एफ, जीनंतर लगेच डी देते. मुलांना काळी दाबायची असतेच, आपणच त्यांना घाबरवतो.

मुलगा दोन वर्षं पेटी शिकलाय. फायदा की तोटा?

कानाला फायदाच फायदा. सूर ओळखतो, तालात असतो, पट्ट्या ओळखीच्या असतात. हाताला थोडं पुन्हा शिकावं लागतं. पेटीत आवाज भात्यावर ठरतो, पट्टी हळू दाबा की जोरात. त्यामुळे पेटीवाल्या मुलांना पट्टी कशी खाली जाते याची फिकीर नसते आणि बोटं बऱ्याचदा आडवी असतात. डावा हात तर भाता मारणारा, त्याने आयुष्यात सूर वाजवलेला नसतो. बहुतेक पेट्यांच्या पट्ट्या पियानोपेक्षा अरुंद असल्याने अंदाजही चुकतो.

या मुलांना मी आधी एकच कॉर्ड अगदी हळू, मग मध्यम, मग मोठ्याने वाजवायला देते. पियानो आपल्या हाताचं ऐकतो हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पेटी सोडू नका. दोन्ही चालू देत.

कीबोर्डवर एका बोटाने कॉर्ड वाजते, ठेक्यासकट. मग तीन बोटांचा खटाटोप कशाला?

मजा म्हणून वाजवू द्या, मीही वाजवते. पण सराव त्यावर नको, कारण तिथे कॉर्ड यंत्र वाजवतं आणि मूल फक्त बटण दाबतं.

नवीन घेणार असाल तर ६१ पट्ट्या चालतील, पूर्ण ८८ लगेच लागत नाहीत. पट्ट्या मात्र पूर्ण रुंदीच्या हव्यात, खेळण्यातल्या बारक्या नकोत. आणि दाबेल तसा आवाज लहान-मोठा होणारा, म्हणजे टच रिस्पॉन्स असलेला घ्या. ती सोय नसली की मोठा आवाज हवा म्हणून मूल आणखी आणखी दाबत राहतं, आणि हाती काहीच लागत नाही.

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात दोन हातांनी काहीतरी वाजवायचं आहे. जमेल?

चाल साधी असेल आणि जूनमध्ये सुरुवात केली तर जमेल. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन विचारू नका.

भूपासारख्या पाच सुरांच्या चालीपासून सुरू करा. उजव्या हाताच्या चालीत सा, ग, प असेल तिथे डाव्यात सीची कॉर्ड, रे असेल तिथे जीची, ध असेल तिथे एफची. प्रत्येक सुराला कॉर्ड बदलायची नाही. एका आवर्तनात एकदा, समेवर, पुष्कळ झालं. भूप ऐकायला बसलेल्या आजोबांना हे रुचेलच असं नाही, त्यांना लाडू द्या.

गाणारी मंडळी पांढरी एकमध्ये गाणार नाहीत हे उघड आहे. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. अधिक एक केलं की सी दाबल्यावर काळी एक वाजते, मुलाची बोटं होती तिथेच. आरतीला मात्र नियम एकच: आधी मुलाला सूर देऊ द्या आणि मग सुरू करा. घोळका आपल्याच पट्टीत सुटला की जगातलं कुठलंही बटण उपयोगाचं नाही.

रोज किती वेळ?

सहा वर्षांच्या मुलाला कॉर्ड्ससाठी पाच मिनिटं, बाकीचं वाजवणं वेगळं. शाळेतून आल्या आल्या नको, खाऊन-खेळून मग. सलग अर्धा तास कॉर्ड्स आपटण्यापेक्षा सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच बरे.

कॉर्ड्स वाजवताना हात दुखतो म्हणते. सवय होईल ना?

नाही. दुखणं ही सवय करून घ्यायची गोष्ट नाही. दुखलं की त्या क्षणी थांबायचं, हात झटकून खाली सोडायचा, त्या दिवशी कॉर्ड्स बंद. थोडा थकवा वेगळा, तो दोन मिनिटांत जातो. मनगटात किंवा हाताच्या पुढच्या भागात दुखत असेल तर मला सांगा, बहुतेकदा बसण्याची उंची किंवा ताणलेला हात हे कारण निघतं. थांबल्यावरही दुखत राहिलं किंवा मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, क्लास बुडाला तरी चालेल.

परीक्षेला कॉर्ड्स लागतात का?

पुण्यातली बरीच मुलं ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा देतात. दोन्हीकडे पहिल्या ग्रेडच्या आधी इनिशियल आहे आणि वर आठवी ग्रेड. सुरुवातीच्या तुकड्यांत, म्हणजे परीक्षेत वाजवायच्या छोट्या रचनांत, डाव्या हाताला दोन-तीन सुरांच्या जोड्या येतातच. पण परीक्षेचे तीन तुकडे वर्षभर घासून कॉर्ड येत नाही. कॉर्ड आलेली असली की ते तुकडे लवकर बसतात.

ऑनलाइन तासाला मोबाइल कुठे ठेवायचा?

बाजूला, मनगटाच्या उंचीवर. वरून घेतलेल्या चित्रात कुठली पट्टी दाबली ते दिसतं, पण मनगट खाली पडलंय की खांदा वर गेलाय ते दिसत नाही आणि मला तेच बघायचं असतं. आवाज थोडा उशिरा पोचतो, म्हणून आपण दोघांनी एकत्र वाजवायचा प्रयत्न करायचा नाही. आधी मी, मग मूल. मोबाइलच्या आवाज गाळण्याच्या सोयीमुळे धरून ठेवलेली कॉर्ड मधेच गायब होते, ती सोय बंद करा.

पावसाळ्यात आमच्या पियानोच्या पट्ट्या अडकतात. मूल जोर लावून वाजवतं.

मे महिन्याची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा, यात लाकूड आणि नमदा फुगतात-आकसतात, त्यामुळे पट्टी खाली जाऊन वर येत नाही. तेल, मेण, टाल्कम पावडर काहीही आत घालू नका. ट्यूनिंग करणाऱ्याला बोलवा, आणि पियानो बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला, किंवा खिडकीपाशी असेल तर हलवा. दुरुस्ती होईपर्यंत अडकणाऱ्या पट्ट्या टाळून दुसऱ्या सप्तकात वाजवायचं. सीची कॉर्ड डावीकडे किंवा उजवीकडे, सी धरून मोजलेल्या आठव्या पांढऱ्या पट्टीपासून तशीच्या तशी मिळते, मुलाला खुर्ची तेवढी सरकवायला सांगा.